वानराला काय हवे

एकोणीसशे त्रेसष्टच्या मे महिन्यात मी पुठ्ठ्याचे एक वानर घेऊन शेंदूरजनाघाटला गेले. वानर माझ्या करंगळीएवढे होते, तोंडाला काळी शाई लावलेले, आणि ते कधीही हरत नसे.

अमरावतीला मुलींच्या वसतिगृहावर माझी देखरेख असे आणि दिवसा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. त्या हिवाळ्यात मुलींसाठी मी एक खेळ तयार केला होता. चौकोन आखलेल्या पाटावर संत्र्याची बाग, भोवती कुंपण, एका टोकाला विहीर आणि कडुनिंब. खेळणारी मुलगी राखणदार. तिने फासा टाकायचा आणि आपली सोंगटी हलवायची. वानराला फासा नव्हता आणि त्याच्या बाजूने खेळणारेही कोणी नव्हते. ते पत्त्यांवर चाले.

प्रत्येक पत्त्यावर वानराची एक कृती होती. वर लिहिले होते ‘आधी काय हवे’ आणि खाली ‘नंतर काय होते’. संत्रे खाण्याआधी ते हातात हवे. हातात येण्याआधी झाडावर चढलेले हवे. झाडावर चढण्याआधी कुंपण ओलांडलेले हवे आणि कुंपण ओलांडण्याआधी राखणदाराची पाठ हवी. ‘भूक गेली’ या शेवटच्या गोष्टीपासून मी पत्ते उलटे मांडत मागे येई. जो पत्ता पाटावरच्या आत्ताच्या स्थितीला जुळेल, ते वानराचे पुढचे पाऊल. राखणदार हलला की पत्त्यांची ही साखळी तुटे, ती नव्याने मांडायची. दोन साखळ्या जुळल्या तर कमी पत्त्यांची घ्यायची. एवढाच नियम होता. मुंबई-कलकत्त्याला गणकयंत्रे आल्याचे मी वाचले होते आणि एखादे दिवशी असे यंत्र हे पत्ते आपले आपण मांडील असे मनात येई. तोवर पत्ते मांडणारी मीच होते, पण ठरवणारी मी नव्हते. वानराची इच्छाच त्याला चालवत असे, आणि ते बघताना मला झोपेत चालणाऱ्या माणसाची आठवण होई.

“बाई, ते माझ्याकडेच बघतंय,” असे एक मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली. तीन महिन्यांनी कोणी पाटाला हात लावीना. वानर दर खेपेला जवळच्या वाटेने येई, संत्रे घेई, खेळ संपे. फक्त बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची सत्यभामा एकटी खेळत बसे. परीक्षा संपल्यावर तिने सोंगट्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, “बाई, वानर असं नसतं वागत. आमच्या बागेत या एकदा, आणि खरं बघा.”

म्हणून मी गेले.

सत्यभामेचे वडील जानराव बैलगाडी घेऊन आले होते. उंच, वाकलेले, खांद्यावर गोफण टाकलेले. घरी पोचलो तेव्हा तिची आई, मैनाबाई, ओट्यावर उभी होती.

“सत्यभामे, त्यायले सांग, पाहुनीसाठी पानी काहाडलं हाय,” ती म्हणाली. ‘त्यायले’ म्हणजे जानरावांना. ते तिच्यापासून तीन हातांवर उभे होते.

“ऐकलं म्हना,” जानराव म्हणाले.

“त्यायले म्हनाव, ऐकू येते तं वानराईचं बी ऐकत जा.”

सत्यभामेने मला नंतर सगळे सांगितले. बागेतला बहार खुशालराव नावाच्या व्यापाऱ्याने झाडावरच विकत घेतला होता. फळे अजून लिंबाएवढीच होती, हिरवी, आणि वानरांची टोळी रोज दुपारी येऊन त्यांचा नासाडा करत होती. येत्या रविवारी जाळीवाले आणायचे असे खुशालरावांनी ठरवले होते. टोळी पकडायची, गाडीत भरायची आणि सातपुड्यापलीकडे सोडून यायची. शेजारच्या एका गावाने मागच्या वर्षी तेच केले आणि निम्मी वानरे वाटेतच मेली. जानरावांनी होकार दिला त्या संध्याकाळपासून मैनाबाई त्यांच्याशी बोलत नव्हती.

“माद्यांच्या पोटाले पिल्लं हाय,” ती मला म्हणाली. “अन् सुंदराबाई लंगडी हाय. तिले गाडीत कोन बसाले जागा देईन?”

“सुंदराबाई कोण?”

“म्हातारी वानरीन.”

“माह्या मायचं नाव देल्लं बाई तिनं वानरीले,” जानराव अंगणातून म्हणाले.

“त्यायले सांग, कपायाले तशाच आठ्या पडते म्हनून देल्लं.”

आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचलो होतो. मंगळवारी सकाळी मी वही, पाट आणि पत्ते घेऊन बागेत गेले.

मे महिन्यातली ती बाग मला अजून अधूनमधून झोपेत दिसते. आजूबाजूच्या सगळ्या बागा ताणावर होत्या. मृगाचा बहार धरायचा असला की त्या भागात मेमध्ये झाडांचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, गळतात, झाड मरायला टेकल्यासारखे दिसते, आणि मग पावसाचे पाणी मिळाले की अंगभर फुलते. पाण्याचा एक तांब्याही त्या दिवसांत मुळाशी सांडू देत नाहीत. जानरावांनी मात्र या वर्षी खुशालरावांच्या सांगण्यावरून पहिल्यांदाच अंबिया बहार धरला होता. त्यांच्या झाडांना फुले जानेवारीतच येऊन गेली होती आणि एक दिवसाआड इंजिन लावून त्यांना पाणी मिळत होते. करड्या, पाने झडलेल्या बागांच्या मधोमध ती एकच हिरवी बाग होती. दुपारच्या झळांत ती जमिनीपासून वीतभर उचलल्यासारखी, हलकेच डोलताना दिसे.

विहिरीजवळ कडुनिंबाखाली एक लांब, गुळगुळीत ओंडका पडला होता. त्यावर बसून मी बागेचा नकाशा काढला आणि झाडांना आकडे दिले. बाराच्या सुमाराला वानरे आली. बांधावर एकामागून एक काळी तोंडे उगवली. एकवीस. शेवटची सुंदराबाई, मागचा पाय ओढत. टोळी गेल्यावर मी तुटलेली फळे मोजली. नऊ. बुधवारी मोजली तेव्हा चौसष्ट.

बुधवारी संध्याकाळी जानराव पाटावर राखणदार होऊन खेळले. माझे वानर चार डावांत चार वेळा जिंकले. जानराव पोट धरून हसले.

“हे वानर नाई बाई, हा कोर्टाचा बेलिफ हाय. सीधा येते, घेते अन् जाते.”

“मग खरे काय करते?”

“फेकते. एक चावा घेते अन् फेकते, दुसरं तोडते, तेबी फेकते. भूक असती तं खाल्लं नसतं काय? हे फळ तं आत्ता कडू जहर हाय.”

“मग ते येते कशाला?”

“मस्ती, दुसरं काय!”

मी रात्री ‘मस्ती’ असा पत्ता लिहिला. ‘नंतर काय होते’ याच्यापुढे लिहायला काही सुचेना, म्हणून फाडून टाकला. फेकण्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता. वानराला संत्रे हवे आहे असे मी धरले होते आणि माझ्या सगळ्या साखळ्या त्या एका खिळ्याला टांगलेल्या होत्या.

गुरुवारी अकरा फळे तुटली. मंगळवार आणि गुरुवार हे पाण्याच्या पाळीचे दिवस होते. त्या दिवशी पाणी वळवायला पाच-सहा माणसे बागेत असत. मी वहीत लिहिले : माणसांची संख्या वाढली की नुकसान कमी होते. ते इतके सरळ दिसत होते की मी खाली रेघही ओढली. मग मैनाबाईला सांगितले की रविवारपर्यंत रोज सहा माणसे उभी केली तर जाळीवाल्यांची गरज पडणार नाही. तिने माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. त्या लाडवांची मला पुढे लाज वाटली.

कारण शुक्रवारी पाळी नव्हती, माणसे सहा होती, गोफणी तीन होत्या, आणि अठ्ठावन्न फळे तुटली. वानरे दगड चुकवत, ओरडा सोसत, पुन्हा पुन्हा येत राहिली. सुंदराबाईला पाठीवर एक खडा लागला तरी ती झाडाखालून हलली नाही. मस्ती करणारे जनावर इतका मार खात नाही, एवढे मला कळले. पुढचे कळले नाही.

“झालं बाई तुमचं सायन्स?” जानराव म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, थकवा होता. “मले बी नको हाय ते जाळं. पन दुसरी तोड काय, तुमीच सांगा.”

मैनाबाई पदर खोचून घराकडे निघाली. सगळे जेवायला घरी गेले. मी मागे राहिले, ओंडक्यावर पत्ते मांडून बसले आणि उन्हाच्या गुंगीत केव्हा डोळा लागला ते समजले नाही.

स्वप्नातही मी पत्तेच मांडत होते. समोर एक पिकलेले संत्रे होते आणि त्याला काय हवे होते ते मी विचारत होते. संत्र्याआधी हिरवे फळ. हिरव्या फळाआधी फूल. मी पत्ता उलटला की समोरचे झाड तसे होई. फळ मिटून कळी झाली, कळी काडीत शिरली, पाने गळून जमिनीवरून सरपटत निघून गेली. फुलाआधी काय? मी पुढचा पत्ता उचलला. तो कोरा आणि गरम होता, तव्यासारखा. सगळी झाडे माझ्याकडे वळून उभी होती. त्यांच्या साली ओठांसारख्या फुटल्या होत्या. एकवीस झाडे, शेवटचे थोडे लंगडे.

जाग आली तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती. सुरई उचलली, ती रिकामी होती. घर अर्ध्या कोसावर. विहीर चाळीस हात खोल, इंजिन बंद. पायाशी वानरांनी टाकलेले एक हिरवे फळ होते. मी ते पदराला पुसले, चावले, दोन थेंब आंबट-कडू रस जिभेवर आला, आणि चोथा थुंकून मी फळ फेकून दिले. मग दुसरे उचलले.

ते दुसरे फळ तोंडाजवळ नेताना माझा हात थांबला.

खाली पडलेली फळे मी पुन्हा नीट पाहिली. गर कुठेच खाल्लेला नव्हता. चिरडलेला, चोखलेला चोथा होता. मंगळवारी आणि गुरुवारी माणसे जास्त होती हे खरे, पण त्या दिवशी झाडांच्या आळ्यांत पाणीही होते. मी एका वेळी दोन गोष्टी बदलू दिल्या होत्या. अशी चूक मुलींच्या प्रयोगवहीत दिसली की मी लाल शाईने गोल करते.

संध्याकाळी जानराव आणि सत्यभामा आली तेव्हा मी विचारले, “जानरावजी, मागच्या वर्षी वानरे इतकी येत होती?”

“येत. पन असा नासाडा नव्हता.”

“मागच्या वर्षी इथे त्यांना पाणी कुठे मिळत असे?”

“नाल्यात डबकं राह्यते. औंदा लवकर आटलं. बाकी मानसाच्या बागा तं ताणावर, तथी थेंब नाई. दर विहिरीवर ढोराईले पानी प्याले डोण राह्यते, पन अखजी, तुमची अक्षय तृतीया, झाली का आमी पालथी घालतो. भरताना पानी सांडलं तं मुळाले लागते, ताण मोडते.”

“तुमची डोण कुठे आहे?”

जानराव माझ्याकडे बघत राहिले. सत्यभामेने तोंडावर हात धरला.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही तिच्यावरच बसला आहात.”

मी उठले. आंब्याच्या खोडाची कोरलेली डोण होती, पालथी. चार दिवस मी तिच्या पाठीवर बसून पाण्याशिवाय सगळे मोजत होते.

“पण तुमच्या बागेला तर यंदा ताण नाही,” मी म्हणाले. “मग तुम्ही का पालथी घातली?”

जानरावांनी डोणीकडे पाहिले, बागेकडे पाहिले, मग डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले. “अखजी आली, घातली,” ते हळूच म्हणाले. “तीस वर्सं घालून राहिलो. हात गेला बाई, डोकं नाई गेलं.”

शनिवारी आम्ही डोण सुलटी केली. लाकूड वाळून भेगाळले होते, सकाळी ओतलेले पाणी दुपारपर्यंत गळून गेले. मैनाबाई तिच्यावर ओली पोती टाकत राहिली. संध्याकाळी लाकूड फुगले आणि पाणी ठरले. शनिवार पाळीचा दिवस होता, त्या दिवशी सहाच फळे तुटली, आणि त्याने काहीच सिद्ध होत नव्हते. रविवारी पाळी नव्हती. रविवारीच कळणार होते.

खुशालराव रविवारी साडेअकराला आले. पांढरी टोपी, काळी छत्री. मागे तीन जाळीवाले. जानरावांनी त्यांना बांधाच्या सावलीत बसवले.

“खुशालरावजी, वानराईसाठी डोण भरली हाय, एक दुपार थांबा,” ते म्हणाले. “जाळं पसरू नका. नासाडा झाला तं मी सोता दोर धरतो.”

“पानी पाजून वानर सुधरते म्हन्ता?” खुशालराव हसले. “बरं बावा, पायतो.”

मैनाबाई कडुनिंबाच्या आड उभी होती. मी वही उघडली नाही. ऊन इतके स्थिर होते की इंजिनाच्या पत्र्यावर उतरलेल्या कावळ्याची नखे ऐकू आली.

मग बांधावर तोंडे उगवली. मोठा नर पुढे होता. तो रोजच्या झाडाकडे निघाला, चार पावले टाकली आणि थांबला. मान वळवून त्याने डोणीकडे पाहिले. मला माझे पत्ते आठवले. त्याच्याही आत कुठेतरी एक साखळी तुटून दुसरी जुळत असणार, आणि ती मांडणारे कोणी नाही. तो खाली उतरला, डोणीच्या काठावर दोन हात ठेवून वाकला आणि पाण्याला तोंड लावले. त्याच्यामागून माद्या आल्या, पोटे जड, सावकाश. काळ्या तोंडांची एक ओळ पाण्यावर वाकली आणि तशीच दुसरी ओळ पाण्यातून वर पाहू लागली. कोणी भांडले नाही. शेवटी सुंदराबाई आली. ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ प्यायली आणि पिऊन झाल्यावर तिथेच, चार दिवस मी जिथे बसत होते त्याच सावलीत, पाय पसरून बसली.

टोळी निंबावर चढून पेंगू लागली. एका पोरसवद्या वानराला मात्र राहवले नाही. ते संत्र्याच्या झाडावर चढले, एक फळ तोडले, चावले, आणि बरोबर खुशालरावांच्या जोड्याजवळ फेकले.

“हे काय मंग?” खुशालराव म्हणाले.

“तुमच्या नातवानं कधी काई फेकलं नाई काय जी?” मैनाबाई निंबाआडून म्हणाली.

एक जाळीवाला हसला आणि लगेच खोकला. खुशालरावांनी छत्री मिटली आणि स्वतः बागेत शिरले. प्रत्येक ओळीतून फिरून आले. मी त्यांना बुधवारचा आणि शुक्रवारचा आकडा सांगितला. त्यांनी त्या दिवशीचा सांगितला : चार.

“डोण रोज भरसान?”

“भरीन,” मैनाबाई म्हणाली.

“मले पुढल्या रविवारी पुन्हा यावं लागीन.”

“या. वानरं बी येतीन.”

खुशालरावांनी जाळीवाल्यांना हाताने निघायची खूण केली. ते जाळी खांद्यावर टाकून बांधापलीकडे गेले, आणि झळांत आधी त्यांचे पाय विरघळले, मग ते स्वतः.

मैनाबाईने डोणीतले तरंगते पान उचलून टाकले. “चहा घेता काय जी?” ती म्हणाली.

जानरावांनी मागे वळून पाहिले. “कोनाले म्हनते?”

“तुमालेच. अथी दुसरं कोन हाय?”

अमरावतीला परतल्यावर मी पाट काढला. त्यावर विहीर होती, कडुनिंब होता, कुंपण होते. मी ज्यावर बसून बागेचा नकाशा काढला होता ते पाटावर कुठेच नव्हते; कडुनिंबाखालची जागा कोरी होती. तिथे मी डोण काढली, रिकामी; राखणदार विहिरीवर गेला तरच ती भरायची. वानराला दोन इच्छा दिल्या, तहान आणि भूक, आणि दोन दोऱ्यांत मणी ओवले. प्रत्येक चालीला भुकेचा एक आणि तहानेचे दोन मणी पुढे सरकत. ज्या दोरीवर मणी जास्त, तिचा पत्ता वर. पाणी मिळाले की तहानेचे मणी मागे; डोण रिकामी असली की तहानेची साखळीही संत्र्याकडेच वळे.

जुलैत वसतिगृह भरले. पहिल्या वर्षाची एक मुलगी, अकोल्याची, राखणदार झाली. वानर दोनदा आले, तिने दोनदा अडवले, ते तिसऱ्यांदा आले. तहानेचे मणी वाढतच होते. मी पत्ते मांडत होते.

“बाई, हे माझ्या संत्र्यांमागे का लागलंय?”

“त्याला काय हवे आहे ते मण्यांवर बघ.”

तिने मणी मोजले. पाटाकडे पाहिले, कोपऱ्यातल्या डोणीवर बोट ठेवून जरा वेळ बसली. सत्यभामा दारातून बघत होती. मग मुलीने फासा टाकला, पाच पडले, आणि तिने आपली सोंगटी कुंपणाकडे न नेता विहिरीकडे वळवली.